औषधाच्या काउंटरमागचा माणूसही आरोग्य कर्मचारीच

महोदय,

२५ सप्टेंबर हा जागतिक फार्मासिस्ट दिन. त्या दिवशी शुभेच्छांचे संदेश येतात तेव्हा मला कोरोनाच्या साथीची २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आठवतात, कारण समाज आणि शासन आमच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात हे तेव्हा जितके उघड झाले तितके माझ्या बावीस वर्षांच्या व्यवसायात कधी झाले नव्हते. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. लोक त्याला ‘मेडिकल’ म्हणतात आणि मला ‘मेडिकलवाले’. फार्मासिस्ट हा शब्द भिंतीवर लावलेल्या नोंदणी प्रमाणपत्रापुरताच उरला आहे.

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली. गावातील अनेक खासगी दवाखाने काही आठवडे बंद होते, त्यामुळे ताप आलेला माणूस सर्वांत आधी आमच्या काउंटरशी येऊन उभा राहत असे. त्याच सुमारास कोरोनावरचा उपाय म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या मलेरिया आणि संधिवातावरील गोळीचे नाव सर्वतोमुखी झाले आणि धडधाकट माणसे घरात साठा करण्यासाठी ते मागू लागली. केंद्र सरकारने २६ मार्चला अधिसूचना काढून त्याच्या विक्रीला ‘एच-वन’ परिशिष्टाचे नियम लावले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि प्रत्येक विक्रीची वेगळ्या वहीत नोंद. निर्णय योग्यच होता. पण ओळखीच्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणण्याचे काम आमच्या वाट्याला आले. माझ्याकडे संधिवाताच्या एक आजी अनेक वर्षे हीच गोळी नेत असत. त्यांच्या दोन स्ट्रिपसाठी मी तीन दिवस घाऊक विक्रेत्यांना फोन करत होतो. गोळी कोणाला नाकारायची आणि कोणासाठी राखून ठेवायची हे ठरवणे म्हणजे केवळ दुकानदारी नव्हे.

दुसऱ्या लाटेत याहून कठीण प्रसंग आले. शेजाऱ्याला लिहून दिलेल्या चिठ्ठीचा मोबाइलवरचा फोटो दाखवून लोक स्टेरॉइड मागत. ज्या रुग्णाला ऑक्सिजनची गरज आहे त्यालाच डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा लाभ होतो, इतरांना त्याने अपायही होऊ शकतो, आणि मधुमेही माणसाची साखर त्यामुळे भलतीच वाढते, हे मी दिवसातून कितीदा समजावले असेल याची मोजदाद नाही. काहींनी ऐकले, काही रागावून निघून गेले. पुढे म्युकरमायकोसिसचे, म्हणजे स्टेरॉइड घेतलेल्या मधुमेहींना अधिक धोका असलेल्या ‘काळ्या बुरशी’चे, रुग्ण दिसू लागले आणि त्यावरील ॲम्फोटेरिसिन या औषधासाठी नातेवाईक जिल्हाभर वणवण फिरू लागले, तेव्हा त्या रागावून गेलेल्यांची मला फार काळजी वाटली.

हे काम आरोग्यसेवेचे नसेल तर कशाचे आहे? तरीही आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांच्या विम्याची जी केंद्रीय योजना मार्च २०२० मध्ये जाहीर झाली, तिच्यात सरकारी आरोग्यसेवेतील फार्मासिस्ट आले, पण आमच्यासारखे खासगी दुकानांतील फार्मासिस्ट सरसकट आले नाहीत. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण सुरू झाले, तेव्हाही आमची गणना त्यांच्यात झाली नाही. मला एप्रिलमध्ये लस मिळाली ती पंचेचाळिशी ओलांडल्यामुळे. माझ्या चोवीस वर्षांच्या सहकाऱ्याला अठरा वर्षांवरील सर्वांची पाळी येईपर्यंत थांबावे लागले. तोवर तापाची औषधे नेणाऱ्यांची नावे आणि मोबाइल क्रमांक टिपून घेण्याचे काम मात्र तोच करत होता. त्याच काळात इंग्लंड आणि अमेरिकेत औषधांच्या दुकानांत फार्मासिस्ट स्वतः लोकांना लस टोचत होते.

आमच्या व्यवसायाचे दोषही मला लपवायचे नाहीत. फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भाड्याने घेऊन चालणारी दुकाने आहेत, चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके देणारे आहेत आणि साथीच्या काळात रुग्णाच्या अगतिकतेवर पैसे कमावणारेही निघाले. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते आणि फार्मसी व्यवसायासाठीच्या २०१५ च्या नियमावलीने रुग्णाला समुपदेशन करणे हे त्याचे कर्तव्य ठरवले आहे. अन्न व औषध प्रशासनाने या दोन्हींची काटेकोर तपासणी करावी, त्यात आमच्यापैकी कोणाचे परवाने गेले तरी चालेल; कारण काउंटरमागे शिकलेला माणूस प्रत्यक्ष उभा नसेल तर आरोग्य कर्मचारी म्हणवून घेण्याचा आमचा दावा टिकणार नाही.

राज्याच्या आरोग्य विभागाला माझी विनंती एवढीच आहे की, पुढील साथीसाठीच्या आराखड्यात खासगी दुकानांतील नोंदणीकृत फार्मासिस्टचा आरोग्य कर्मचारी म्हणून स्पष्ट उल्लेख करावा, विमा आणि लसीकरण यांत त्याला पहिल्या फळीत धरावे, आणि प्रशिक्षण देऊन लस टोचण्याची परवानगी देता येईल का याचा विचार साथ नसताना, आताच सुरू करावा.

– एक नोंदणीकृत फार्मासिस्ट, जि. सातारा