एच-७ सगळीकडे चालतं, मग पोरगं का नाही?

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

इथे जर्मनीत मी शिकाऊ मुलांना परदेशी वर्कशॉपमध्ये पाठवते, त्यावरून गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "काम शिकायला पोराला दुसऱ्या देशात कशाला धाडायचं? लेथ काय, सगळीकडे सारखाच फिरतो." आणि मागून आईचा आवाज, "सतरा वर्षांचं पोर एकटं पाठवतात? कोणाच्या भरवशावर?" दोन्ही प्रश्न रास्त होते आणि फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लांबलचक पत्र. सावकाश वाचा.

आधी बाबांचं. लेथ सगळीकडे सारखाच फिरतो हे खरंच आहे आणि माझ्या कामातला सगळा पेच तिथूनच सुरू होतो. बाबा, तुम्ही टूलरूममध्ये असताना ड्रॉइंगवर २५ मिलिमीटरच्या भोकापुढे एच-७, म्हणजे माप किती इकडेतिकडे चालेल याची सगळीकडे ठरलेली खूण, दिसलं की कोणाला काही विचारायची गरज नसायची. शून्य ते अधिक २१ मायक्रॉन, विषय संपला. तेच ड्रॉइंग इथल्या पोराला द्या, फिनलंडमधल्या द्या, पोर्तुगालमधल्या द्या, भोक तेवढंच पडायला हवं हे तिघांनाही ठाऊक असतं. पण ते भोक पाडणाऱ्या पोराला किती येतं हे सांगणारं असं एक माप अजून कोणाला जमलेलं नाही. त्याने तीन वर्षं कानस घासली, पॅनल वायर केले, आणि सीमा ओलांडली की हातात उरतो परक्या भाषेतला एक कागद, जो पलीकडच्या फोरमनला वाचता येत नाही.

इथली पद्धत तुम्हाला थोडी माहीत आहे. शिकाऊ मुलगा आठवड्यातले एक-दोन दिवस आमच्यासारख्या शाळेत येतो, बाकीचे दिवस कंपनीत. करार कंपनीशी, दरमहा पैसे कंपनीचे, आणि शेवटची परीक्षा घेतं चेंबर, म्हणजे उद्योजकांचं किंवा कारागिरांचं मंडळ. मी शाळेत या मुलांना काही आठवडे दुसऱ्या देशातल्या वर्कशॉपमध्ये पाठवण्याचं आणि तिकडची मुलं इकडे घेण्याचं काम बघते. २००५ पासून जर्मनीच्या कायद्यात सोय आहे: प्रशिक्षणाच्या एकूण काळाच्या एक चतुर्थांशापर्यंतचा भाग परदेशात केला तरी तो प्रशिक्षणातच धरला जातो आणि मासिक पैसे चालू राहतात. मेकॅट्रॉनिक्स, म्हणजे यंत्र आणि वीज दोन्हीचं एकत्र काम, साडेतीन वर्षांचं. हिशेब केलात तर दहा महिन्यांहून जास्त होतात. आठ आठवड्यांच्या वर राहायचं असेल तर चेंबरबरोबर बसून योजना ठरवावी लागते, एवढंच.

आणि जातात किती दिवस? बहुतेक मुलं तीन-चार आठवड्यांत परत.

कारण अगदी साधं आहे. परीक्षा दोन भागांत असते. पहिला भाग साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, त्याला ४० टक्के वजन. त्याच्या आधी शाळा सोडत नाही, आणि दुसरा भाग जवळ आला की कंपनी सोडत नाही. मधल्या फटीत जेवढं बसेल तेवढं.

कंपनीचं म्हणाल तर मोठ्या कारखान्यांचा प्रश्नच नाही, त्यांच्या स्वतःच्याच शाखा चार देशांत असतात. अडतं ते पाच-सहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये, जिथे शिकाऊ म्हणून एकच पोरगं असतं. असा एक मालक मला तोंडावर म्हणाला, "पोर माझं, पगार माझा, आणि शिकणार ते दुसऱ्याच्या मशीनवर. वर त्याला तिकडचंच आवडलं तर?" सरकारी अहवालांत याला 'जागृतीचा अभाव' म्हणतात. मला हसू येतं. त्या माणसाइतका जागा माणूस मी पाहिलेला नाही, त्याचं गणित त्याला चोख येतं. त्याला पत्रकं वाटून उपयोग नाही. त्याचं पोरगं ज्या आठवड्यांत जाईल त्याच आठवड्यांत तिकडचं एक पोरगं त्याच्या बाकावर उभं करता आलं, तर तो ऐकून तरी घेतो. फ्रान्स आणि जर्मनी हे अदलाबदलीचं तत्त्व १९८० पासून चालवत आहेत. त्याचं कार्यालय झारब्र्युकनला आहे, आता नाव प्रोटँडेम. इकडचा गट तिकडे, तिकडचा इकडे, आणि एकमेकांची भाषा जोडीजोडीने शिकायची. मला विचाराल तर एवढ्या वर्षांत याहून शहाणी कल्पना कोणाला सुचलेली नाही.

पैशांची तुम्हाला काळजी वाटेल, पण पैसा ही त्यातली सर्वांत मोठी अडचण नाही. प्रवासाला आणि राहण्याला युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेतून अनुदान मिळतं. इरॅस्मस म्हटलं की सगळ्यांना कॉलेजची मुलं आठवतात, आणि ते बरोबरच आहे. ती योजना १९८७ मध्ये विद्यापीठांसाठी सुरू झाली. हाताने काम करणाऱ्यांसाठी लिओनार्दो दा विंची या नावाची मोठी योजना आली ती १९९५ मध्ये. २०१४ मध्ये सगळं एका छत्राखाली गेलं. आता शिकाऊ मुलाला दहा दिवसांपासून वर्षभरापर्यंत जाता येतं, आणि तीन महिन्यांच्या वरच्या मुक्कामाला २०१८ पासून खास प्रोत्साहन आहे. युरोपीय संघातल्या मंत्र्यांनी ठरवलेली उद्दिष्टंही चढती आहेत: २०२० पर्यंत ६ टक्के, मग २०२५ पर्यंत ८, आता २०३० पर्यंत १२ टक्के मुलांनी परदेशात शिकून आलेलं असावं. आकडा वाढवायला कागद लागतो. माझ्या टेबलावर लागतो तो तिकडचा एक फोरमन, जो सकाळी सात वाजता या पोराला मशीन दाखवेल.

तो नसला की काय होतं हेही सांगते. आमचा एक मुलगा, हाताला चांगला, तिकडे गेला आणि पहिला आठवडा गोदामात खोकी बांधत बसला. कोणी वाईट वागलं नाही. त्याला काय येतं हेच कोणाला माहीत नव्हतं. आम्ही पाठवलेला करार तिथल्या कार्यालयाच्या फायलीत होता, वर्कशॉपपर्यंत पोचलाच नव्हता.

मुळात हे 'काय येतं' सांगण्याचे प्रयत्न थोडे झालेले नाहीत. विद्यापीठांकडे वर्षाला ६० क्रेडिटची पद्धत आहे, तसंच काहीतरी इथेही करू म्हणून २००९ मध्ये युरोपने व्यवसाय शिक्षणासाठी गुणांची एक पद्धत काढली. ती काही रुजली नाही, २०२० मध्ये गुंडाळली. मला ते अपेक्षितच होतं. कॉलेजचं सेमिस्टर उचलून दुसरीकडे ठेवता येतं. फिटरचं काम असं तुकड्यांत नाही हो येत, आणि जर्मन चेंबर तर शेवटी अख्खं काम करून दाखव म्हणतं. त्या पद्धतीतला चांगला भाग मात्र टिकला: दोन शाळांनी आधी बसून ठरवायचं की हा मुलगा तिकडून काय काय करायला शिकून येईल, आणि परतल्यावर ते पुन्हा तपासत बसायचं नाही. केलेल्या कामाची नोंद युरोपास नावाच्या दाखल्यावर होते. शिवाय २००८ पासून आठ पायऱ्यांची एक चौकट आहे, ज्यात प्रत्येक देश आपापली प्रमाणपत्रं बसवतो. इथलं साडेतीन वर्षांचं प्रशिक्षण चौथ्या पायरीवर, आणि मास्टर कारागीर सहाव्या पायरीवर, म्हणजे पदवीधराच्या बरोबरीला. बाबा, हे वाचून तुम्ही खूश व्हाल म्हणून मुद्दाम लिहिलं. पण पायरी उंची सांगते, काम सांगत नाही. केस कापणारीही चौथ्या पायरीवर आणि वेल्डिंग करणाराही चौथ्याच.

आई, तुझ्या पेशाचं मात्र निराळं आहे बरं का. नर्स हा युरोपात आपोआप मान्यता मिळणाऱ्या सात पेशांपैकी एक आहे. डॉक्टर, दंतवैद्य, सुईण, औषधनिर्माते, पशुवैद्य, वास्तुविशारद आणि तुम्ही. गंमत अशी की जर्मनीत बहुतेक मुली नर्सिंग शिकाऊ म्हणूनच शिकतात आणि स्पेनमध्ये त्यासाठी विद्यापीठाची पदवी लागते. तरीही एकीचा कागद दुसरीकडे चालतो, कारण सगळ्या देशांनी मिळून किमान अट आधीच ठरवली: तीन वर्षं, ४६०० तास, त्यातले निम्मे तरी रुग्णांजवळ. भाषा यावी लागते, ते ओघानेच आलं. म्हणजे मनात आणलं तर जमतं. रुग्णाच्या जिवाची भीती होती म्हणून बसून ठरवलं. इलेक्ट्रिशियनच्या बाबतीत कोणी बसलं नाही. आता चुकीच्या वायरिंगनेही माणूस मरतोच की, पण ते असो.

आता तुझा प्रश्न, सतरा वर्षांच्या पोराचा. एकटं पाठवत नाही. गरज असेल तर सोबत शिक्षक जातो, त्याचाही खर्च योजनेतून निघतो. आई-वडिलांची सही लागते. आजारपण, अपघात आणि त्याच्या हातून दुसऱ्याचं काही नुकसान झालं तर, या सगळ्यांचा विमा बघावा लागतो. तिकडे गेल्यावर तिकडचे कायदे लागू होतात, त्यामुळे इथे जे मशीन तो रोज चालवतो ते तिकडे अठरा पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावायला मिळेलच असं नाही. हे आधी विचारून घ्यावं लागतं. पण खरं सांगू? माझा सर्वांत जास्त वेळ यातल्या कशातच जात नाही, खोली शोधण्यात जातो. चार आठवड्यांसाठी अल्पवयीन मुलाला खोली द्यायला कोणताही घरमालक राजी नसतो. यावर ब्रुसेल्समध्ये कोणी शिफारस काढल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि तुला वाटतं तसं हे आजकालचं फॅड नाही. इथे सुतार, गवंडी, छप्पर शाकारणारे कारागीर शिक्षण संपलं की वाटेला लागायचे, अजूनही काहीजण लागतात. वय तिशीच्या आत, लग्न झालेलं नको, डोक्यावर कर्ज नको. तीन वर्षं आणि एक दिवस घराच्या ५० किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. काळे कपडे, मोठी टोपी, हातात काठी. गावोगाव काम करत फिरायचं आणि वहीत शिक्के घ्यायचे. त्यांना कुठली चौकट लागली नाही. मालक सकाळी काम द्यायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याला कळायचं.

माझ्या खिडकीतून नदीवरून जाणारी ट्राम दिसते हे तुम्हाला फोटोत दाखवलं होतं. ऱ्हाईनच्या अलीकडे आमचं केल गाव, पलीकडे फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग. २०१७ पासून ट्राम थेट जाते, तिकीट काढलं की पाच-दहा मिनिटांत दुसरा देश. २०१३ मध्ये दोन्हीकडच्या लोकांनी या पट्ट्यासाठी करार केला, की मुलाने शाळा एका काठाला करावी आणि काम दुसऱ्या काठाला. छान चाललं होतं. २०१८ मध्ये फ्रान्सने शिकाऊ प्रशिक्षणाच्या पैशांची व्यवस्था बदलली, प्रांतांच्या हातून ती गेली, आणि नदीपलीकडे काम करणाऱ्या मुलाच्या शाळेचा खर्च कोणी द्यायचा हा प्रश्न लोंबकळत पडला. कोणाचा विरोध नव्हता हो, फक्त त्या कायद्यात या मुलांसाठी रकाना नव्हता! २०२२ मध्ये फ्रान्सने तो कायद्यात घातला आणि जुलै २०२३ मध्ये लोतरबूर या सीमेवरच्या गावी दोन्ही देशांनी नव्याने सह्या केल्या. मधली वर्षं गेली ती गेली. त्या वर्षांत सोळाचं असलेलं पोर काही थांबून राहत नाही.

बाबा, तिकडचं प्रमाणपत्र घेऊन इकडे येऊ पाहणाऱ्या ज्या मुलाबद्दल तुम्ही विचारलं होतंत, त्याचं वेगळं आहे. परदेशातल्या प्रमाणपत्रांसाठी जर्मनीत २०१२ पासून स्वतंत्र कायदा आहे. कारखान्यातल्या बहुतेक कामांसाठी अर्ज न्यूरेंबर्गच्या एका केंद्राकडे जातो. तिथे त्याचा अभ्यासक्रम इथल्याशी ताडून बघतात आणि पूर्ण, अर्धवट किंवा अमान्य असा निकाल देतात. अर्धवट आला तर काय कमी आहे ते लिहून मिळतं आणि तेवढं भरून काढता येतं. घाबरून अर्ज न करणं हे त्यातलं सर्वांत वाईट. त्याला सांगा, अभ्यासक्रमाची प्रत, कामाचे दाखले, जुने असले तरी जपून ठेव. आणि कागद अपुरे पडले तर आणखी एक वाट आहे, ती मला फार आवडते: जाणकारांसमोर प्रत्यक्ष काम करून दाखवायचं. ते बघतात, विचारतात आणि ठरवतात.

यावरूनच तुमच्याकडे एक काम आहे. आमची मुलं तिकडे जातात तेव्हा त्यांच्यासोबत जाणारे तक्ते आठ-आठ पानांचे असतात आणि ते फोरमन वाचत नाही. मला एका पानात बसेल असं काहीतरी करायचंय, पहिल्या सकाळी अर्ध्या तासात पोराला किती येतं ते कळावं म्हणून. नवं पोर टूलरूममध्ये आलं की तुम्ही त्याला आधी काय करायला द्यायचात? कानस कशी धरतो ते बघायचात, की मापायचा व्हर्नियर हातात देऊन गप्प उभे राहायचात? काय चुकलं की तुम्हाला कळायचं की याला अजून मशीनवर उभं करू नये? आठवेल तसं लिहा, क्रम लावू नका, क्रम मी लावीन. आई, त्यांना वही-पेन घेऊन बसव, नाहीतर ते फोनवरच सांगत सुटतील आणि माझं अर्धं लिहायचं राहील. आणि तूही लिही, वॉर्डात नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी तू काय बघायचीस. आमच्याकडे नर्सिंगच्याही मुली आहेत. पुढच्या महिन्याच्या मध्याला नवा गट निघतोय, त्याआधी मिळालं तर बरं.

तुमची लेक