स्टीम डेक घेतोयस, तर संगणक म्हणूनच वापर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक, म्हणजे हातात धरायचा गेमिंग संगणक, त्यातला ६४ जीबीचा जुना एलसीडी पडद्याचा घ्यायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. लेखन, वाचन आणि थोडं पायथन, एवढ्यासाठी तो पुरून उरेल. लोक त्याला खेळायचं यंत्र समजतात, पण आत चार कोअरचा झेन २ प्रोसेसर आहे, १६ जीबी रॅम आहे आणि आर्च लिनक्सवर बांधलेली स्टीमओएस ही अख्खी प्रणाली आहे. पडदा ७ इंची, १२८० बाय ८०० पिक्सेलचा. वजन मात्र ६६९ ग्रॅम, त्यामुळे झोपून हातात धरून वाचशील तर मनगट दुखेल. एक स्टँड घेऊनच टाक.

पैसे हातात देण्याआधी यंत्र चालू करून बघ. सेटिंग्जमध्ये कंट्रोलरच्या भागात इनपुट तपासायची सोय आहे. तिथे दोन्ही स्टिकना हात न लावता ठिपका स्थिर राहतो का ते पाहा. जरासा सरकत असेल तर डेडझोन, म्हणजे स्टिकची जी बारीक हालचाल यंत्र मोजतच नाही ती हद्द, वाढवून भागतं. सतत एका बाजूला ओढला जात असेल तर स्टिकचा भाग बदलावा लागेल, आणि एलसीडी डेकमध्ये तो दोन प्रकारचा येतो, म्हणून मागवण्याआधी आत कोणता आहे ते बघावं लागतं. स्वतःचं मायक्रोएसडी कार्ड घालून बघ. टचस्क्रीनवर चारही कोपऱ्यांत बोट फिरव. मग डेस्कटॉपवर जाऊन (कसं ते पुढे सांगतो) ‘इन्फो सेंटर’ उघड. ‘एनर्जी’खाली बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी दिसते. मूळ ४० वॉट-अवर. ती ३० च्या खाली आली असेल तर किंमत पाडून माग, कारण ही बॅटरी आत पक्क्या गोंदाने चिकटवलेली असते आणि बदलणं हे त्यातलं सगळ्यात किचकट काम आहे. विकणाऱ्याला तुझ्यासमोरच फॅक्टरी रीसेट करायला सांग. व्हॉल्व्ह हे यंत्र भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे इथल्या वॉरंटीची कोणतीही बोलणी मनावर घेऊ नकोस.

सोबत मूळ चार्जर मिळाला तर उत्तम. तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त पिन परदेशी असेल तर साधा अडॅप्टर लागेल. नसेल तर यूएसबी-सी पीडीचा (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या यंत्राला चालणारी जलद चार्जिंगची पद्धत) ४५ वॉटचा घे, आणि त्याच्या अंगावर १५ व्होल्ट ३ अँपिअर हे आकडे छापलेले बघून घे. मोबाइलच्या चार्जरवर ६५ किंवा ८० वॉट लिहिलेलं असतं त्याला भुलू नकोस. त्यातले बरेच चार्जर तो वेग फक्त आपल्या कंपनीच्या फोनला देतात आणि डेक लावला की ५ व्होल्टवर उतरतात. मग पडद्यावर चार्जर मंद असल्याची सूचना येते आणि काम करता करता बॅटरी उतरतच राहते.

आता वापराकडे. स्टीम बटण, पॉवर, ‘स्विच टू डेस्कटॉप’ असं केलंस की केडीई प्लाझ्माचा नेहमीचा डेस्कटॉप समोर येतो. उजव्या ट्रॅकपॅडने बाण फिरतो, उजवा ट्रिगर म्हणजे डावं क्लिक, डावा ट्रिगर म्हणजे उजवं क्लिक. स्टीम आणि एक्स एकत्र दाबलं की पडद्यावर कीबोर्ड येतो. तो कीबोर्ड स्टीमचा, म्हणजे गेम घ्यायच्या आणि चालवायच्या व्हॉल्व्हच्या प्रोग्रामचा आहे. डेस्कटॉपवर स्टीम बंद केलंस तर कीबोर्डही जातो, आणि नवा माणूस यंत्र बिघडलं म्हणून घाबरतो. स्टीम मागे चालू राहू दे. सिस्टीम सेटिंग्जमध्ये ‘यूझर्स’खाली पहिल्याच दिवशी पासवर्ड घालून टाक, सुरुवातीला तो नसतोच, आणि पुढे प्रशासकाचं कोणतंही काम आलं की त्याच्यावाचून अडतं. वहीत लिहून ठेव.

सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, नीट वाच. स्टीमओएसचा मूळ भाग कुलूपबंद असतो. तो फक्त वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही. शिवाय त्याच्या दोन प्रती डिस्कवर असतात. तू एका प्रतीवर काम करत असताना अपडेट दुसऱ्या प्रतीवर पूर्ण लिहिलं जातं आणि रीस्टार्ट केल्यावर यंत्र त्या नव्या प्रतीवरून उठतं. इंटरनेटवर ठिकठिकाणी सल्ला सापडेल की कुलूप काढ, पॅकमनने, म्हणजे आर्चच्या प्रोग्राम घालायच्या साधनाने, हवं ते इन्स्टॉल कर. होतं तसं, चालतंही. पण पुढचं अपडेट आलं की ती नवी प्रत कोरी असते, आणि तू घातलेलं सगळं गायब. कुणी पुसलं म्हणून नव्हे. तू लिहिलं होतंस ती प्रत आता वापरात नाही म्हणून. त्यामुळे नियम एकच ठेव: मूळ भाग व्हॉल्व्हचा, होम फोल्डर तुझा. होममधलं अपडेटने हलत नाही.

या नियमात राहूनही कशाचीच अडचण होत नाही. ‘डिस्कव्हर’ उघड, त्यात फ्लॅटहब या भांडारातले प्रोग्राम मिळतात: फायरफॉक्स, लिबरऑफिस, पीडीएफ वाचायला ओक्युलर, व्हीएलसी. या बांधणीच्या प्रोग्रामांना फ्लॅटपॅक म्हणतात; ते होमच्याच विभागात साठतात, म्हणून टिकतात. यातली नेहमीची तक्रार म्हणजे ‘कार्डावरची फाइल अमुक प्रोग्रामला दिसतच नाही.’ प्रत्येक फ्लॅटपॅक आपल्या कुंपणात चालतो. त्यातल्या काहींना बाहेरचा फोल्डर दाखवायची परवानगी वेगळी द्यावी लागते. ‘फ्लॅटसील’ नावाचा छोटा प्रोग्राम घे, त्यात डावीकडे तो अडलेला प्रोग्राम निवड, ‘फाइलसिस्टीम’खाली कार्डाचा पत्ता घाल आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघड. पत्ता डॉल्फिन या फाइली बघायच्या प्रोग्रामच्या वरच्या पट्टीत मिळतो.

पायथन प्रणालीत आधीपासूनच आहे. होममध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे लायब्ऱ्या ठेवायचा वेगळा फोल्डर, बनवलंस की छोटी कामं होतात, फक्त एवढं लक्षात ठेव की ते प्रणालीच्या पायथनला जोडलेलं असतं. मोठ्या अपडेटमध्ये पायथनची आवृत्ती बदलली की त्यातल्या लायब्ऱ्या सापडेनाशा होतात. म्हणून लायब्ऱ्यांची यादी एका फाइलीत ठेव, एन्व्हायर्नमेंट पुसून नवं बनव, दोन मिनिटांचं काम आहे. याहून मोठं काही करायचं असेल तर ‘डिस्ट्रोबॉक्स’ वापर, तो स्टीमओएसमध्ये ३.५ आवृत्तीपासून दिलेला आहे. त्यात डेबियन किंवा फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचा डबा, म्हणजे वेगळी बंदिस्त जागा, बनवायचा आणि त्या डब्यात हवं ते इन्स्टॉल करायचं. डबा होममध्ये राहतो, अपडेटशी त्याचा संबंध नाही. जागा मात्र काही जीबी खातो, आणि ६४ मध्ये ते जाणवतं.

आता मराठी. ब्लूटूथचा किंवा वायरचा खरा कीबोर्ड जोड. सिस्टीम सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट्स इथे ‘कॉन्फिगर लेआउट्स’वर खूण कर आणि भारताखालच्या यादीत मराठी शोध. दोन सापडतील: एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट आणि कगप, म्हणजे उच्चाराप्रमाणे टंकायचा. तुझा हात इनस्क्रिप्टवर बसलेला आहे, पहिलाच घे. यादीत इंग्रजीही राहू दे आणि बदलायची कळ तिथेच ठरव. यात कोणताही वेगळा प्रोग्राम लागत नाही, सगळी व्यवस्था होममध्येच नोंदली जाते.

फॉन्टचंही तसंच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हा फॉन्ट उतरवून घे, फाइलीवर डबल क्लिक कर, आणि इन्स्टॉल करताना ‘पर्सनल’ निवड. ‘सिस्टीम’ निवडलंस तर फॉन्ट कुलूपबंद भागात जायला बघेल. लांब मजकुराला शोभिका फार देखणा दिसतो. लिबरऑफिसमध्ये एक गोष्ट हटकून छळते: वरून फॉन्ट म्हणून ‘मुक्त’ निवडला तरी मराठी मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये उमटतो. कारण लिबरऑफिस देवनागरीचा फॉन्ट ‘सीटीएल’ (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) या वेगळ्या खणातून घेतं. स्टाइल्समध्ये ‘डीफॉल्ट पॅराग्राफ’ उघड, फॉन्टच्या पानावर सीटीएलखाली भाषा मराठी आणि फॉन्ट हवा तो निवड, ते दस्तऐवज टेम्पलेट म्हणून जतन कर. पुन्हा पुन्हा करावं लागत नाही.

साठवणुकीचं थोडक्यात. कार्ड ए२ या वेगाच्या दर्जाचं, ओळखीच्या दुकानातून घे, आणि घेतल्यावर ते काठोकाठ भरून मोठ्या फाइली परत उघडून बघ. बनावट कार्डं आकडा मोठा दाखवतात आणि खरी जागा संपली की मागचं पुसत जातात. डेकवर फॉरमॅट केलेलं कार्ड ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-मांडणीचं होतं, ते विंडोजला वाचता येत नाही. ऑफिसच्या संगणकाशी देवाणघेवाण करायला दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅट मांडणीचा पेनड्राइव्ह वेगळा ठेव.

पुढे ६४ जीबी अपुरी पडलीच तर आतली डिस्क बदलता येते. २२३० मापाची (२२ बाय ३० मिलिमीटर) एनव्हीएमई एसएसडी लागते. २२४२ कशीबशी बसवणारे लोक आहेत, पण ती आत चार्जिंगच्या भागाजवळ दाटी करते, त्या वाटेला जाऊ नकोस. उघडण्याआधी मायक्रोएसडी कार्ड काढ. हे विसरलं की मागचं कव्हर निघताना कार्डाचे दोन तुकडे होतात. बॅटरी २५ टक्क्यांखाली आण, मग व्हॉल्यूम-अप आणि पॉवर दाबून बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन ‘बॅटरी स्टोरेज मोड’ चालू कर. मागे आठ स्क्रू आहेत, चार लांब, चार आखूड. कागदावर यंत्राचं चित्र काढून जागच्या जागी ठेव. कव्हर वरच्या बाजूने, ट्रिगरजवळून प्लास्टिकच्या पट्टीने उचल. आत पत्र्याच्या झाकणाचे तीन स्क्रू, त्यातला एक चकचकीत पट्टीखाली लपलेला असतो. झाकण काढलं की आधी बॅटरीची जोडणी सोडव, मगच एसएसडीला हात लाव, आणि जुन्या डिस्कवरचं धातूचं वेष्टन नव्या डिस्कवर चढव. बंद करताना स्क्रू हलक्या हाताने. एलसीडी मॉडेलमध्ये ते थेट प्लास्टिकमध्ये आटे पाडून बसतात, जास्त पिळले की आटे जातात. यानंतर चार्जर लावल्याशिवाय यंत्र उठणार नाही, स्टोरेज मोडचा अर्थच तो. नव्या कोऱ्या डिस्कवर प्रणाली घालायची ती पुढे सांगितलेल्या रिकव्हरीच्या पेनड्राइव्हने.

तुझ्या अकोल्याची मला खरी काळजी आहे ती उन्हाळ्याची. व्हॉल्व्हने या यंत्रासाठी ० ते ३५ अंश हे भोवतालचं तापमान सांगितलं आहे. मे महिन्यात तुझ्याकडे ४४-४५ असतं. आतली चिप १०० अंशांना वेग कमी करते आणि १०५ ला यंत्र बंद होतं. पण चिपपेक्षा बॅटरीचं आयुष्य त्या उष्णतेत आधी जातं. दुपारी चार्जिंग टाळ, पहाटे किंवा रात्री कर. हवा मागच्या जाळीतून आत जाते आणि वरच्या फटीतून बाहेर पडते, म्हणून गादीवर, उशीवर आडवा ठेवू नकोस. कूलरच्या ओल्या झोतासमोर तर मुळीच नको. सतत चार्जरवरच काम असेल तर सेटिंग्जमध्ये पॉवरखाली चार्जिंगची मर्यादा ८० टक्के कर; ही सोय ३.७ आवृत्तीपासून आहे. गेमिंग मोडमध्ये, म्हणजे यंत्र चालू केल्यावर दिसणाऱ्या स्टीमच्या पडद्यावर, तीन ठिपक्यांचं बटण दाबून वॉटेज १५ वरून ८ वर आणता येतं, आणि फायरफॉक्सही स्टीममध्ये ‘नॉन-स्टीम गेम’ म्हणून जोडून त्याच मर्यादेत चालवता येतो. वाचन-लेखनाला एकूण ८ वॉट लागले असं धर, म्हणजे चांगल्या बॅटरीवर साधारण पाच तास.

अपडेटनंतर यंत्र नीट उठलं नाही तर घाबरू नकोस. बंद कर, तीन ठिपक्यांचं बटण धरून पॉवर दाब, आधीची प्रत निवडायची यादी येते. दोन प्रती ठेवण्याचा खरा फायदा हा. आणि तेही जमलं नाही तर व्हॉल्व्हची रिकव्हरी प्रतिमा, म्हणजे प्रणाली पुन्हा घालायची फाइल, कामी येते. ती आजच ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर लिहून ठेव, विंडोजवर रुफस या प्रोग्रामने. पेनड्राइव्ह लावायचा, व्हॉल्यूम-डाउन धरून पॉवर दाबायचं आणि यूएसबी निवडायचं. तिथल्या पर्यायांत ‘रीइन्स्टॉल स्टीमओएस’ आणि ‘रीइमेज’ हे दोन दिसतील. पहिला होम शाबूत ठेवायचा प्रयत्न करतो, दुसऱ्यात सगळं जातं. वाचून मगच दाब, आणि तोवर लिखाणाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर गेलेली असू दे. डेकला एकच यूएसबी-सी पोर्ट आहे, त्यामुळे पेनड्राइव्ह आणि चार्जर एकाच वेळी लावायला पीडी असलेला हब लागेल. एचडीएमआयचा घेतलास तर घरच्या टीव्हीवरही टाइप करता येईल.

सौदा झाला की कळव. कुठे अडलास तर पडद्यावरच्या संदेशाचा फोटो पाठव, पूर्ण ओळ दिसेल असा. काकूंना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
पुण्याचा मित्र