फिजिओथेरपिस्ट मॅडम, तुम्ही मला उभं करून तपासलंत

मॅडम, सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही म्हणता, "अहो, निदान तर डॉक्टरांनी केलं, मी काय केलं?" आणि लगेच व्यायामाकडे वळता. म्हणून हे पत्र. मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल याची मला खात्री आहे.

तुमच्याकडे मी आले ती मानेसाठी. चिठ्ठीवर तेवढंच होतं: मान आणि खांदे दुखतात, व्यायाम शिकवावेत. बाकीच्या तक्रारींबद्दल बोलणं मी तोवर जवळजवळ बंदच केलं होतं. त्या सांगायला लागलं की यादी होते, आणि यादी ऐकता ऐकता समोरच्याचा चेहरा बदलत जातो, हे मला पाठ झालं होतं. उभं राहिलं की धडधड. डोकं हलकं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. गरम पाण्याने आंघोळ केली की पलंगावर आडवं व्हावं लागतं. रांगेत थांबणं, लिफ्टची वाट बघणं, इस्त्री करणं, म्हणजे जिथे जिथे एका जागी उभं राहायचं, ते सगळं अवघड. दुपारपर्यंत असा थकवा की बोलताना पुढचा शब्द सुचू नये. एका साध्या व्हायरल तापानंतर हे सुरू झालं. ताप आठवड्याभरात गेला, हे मात्र राहिलं.

तपासण्या काही कमी झाल्या नव्हत्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, ईसीजी, टूडी इको, मेंदूचा एमआरआय. सगळं नॉर्मल. एका ठिकाणी होल्टर लावलं, म्हणजे चोवीस तास अंगावर बाळगून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, त्यात ठोके अधूनमधून वाढलेले दिसले, पण लय बरोबर आहे म्हणून तेही नॉर्मलमध्ये गेलं. मग प्रश्न येऊ लागले तणावाबद्दल, झोपेबद्दल, घरातल्या वातावरणाबद्दल. मानसिक आजार खरा असतो, त्यावर उपचार घेण्यात काहीही कमीपणा नाही, हे मी मनापासून मानते. मीही ती औषधं नेमाने घेतली. पण माझ्यात क्रम उलटा होता. आधी उभं राहणं, मग धडधड, आणि धडधडीनंतर भीती. हे सांगूनही कागदावर कधी उतरलं नाही.

आणि घरी? घरची माणसं वाईट नाहीत. पण "रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रिपोर्टची फाइल जाड होत गेली, आणि तिच्यातलं प्रत्येक पान माझ्या विरुद्ध साक्ष देतंय असं मला वाटायचं.

अशा अवस्थेत मी तुमच्यासमोर बसले होते आणि तुम्ही मानेच्या व्यायामाआधी विचारलंत, "आडवं झाल्यावर हे दुखणं किती वेळात कमी होतं?"

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी म्हटलं, थोड्याच वेळात, दहा-पंधरा मिनिटांत बरंच कमी होतं. तुम्ही लिहायचं थांबलात. "स्नायू आखडला असेल तर इतक्या लवकर सुटत नाही," म्हणालात, आणि कुठे दुखतं ते हाताने दाखवायला सांगितलंत. मी मानेच्या मागून दोन्ही खांद्यांपर्यंत हात फिरवला. तेव्हा तुम्ही सांगितलंत की या जागेच्या दुखण्याला कोट-हँगर पेन म्हणतात, शर्ट अडकवायच्या हँगरसारखा त्याचा आकार असतो म्हणून. उभं असताना ज्यांच्या शरीरात रक्त वर नीट पोचत नाही, त्यांच्या मान-खांद्याच्या स्नायूंना ते कमी पडतं आणि हे दुखणं होऊ शकतं. आडवं झालं की रक्त पोचतं आणि दुखणं उतरतं.

मग तुम्ही मला टेबलावर निजवलंत, बोटाला ऑक्सिमीटर लावलात, दंडाला बीपीचा पट्टा बांधलात, आणि दहा मिनिटं गप्प पडून राहा म्हणालात. बाहेर पुढचा पेशंट बसलेला होता, मला दिसत होता. तुम्ही घाई केली नाहीत. नंतर मला उभं केलंत. कशाला टेकायचं नाही, पाय हलवायचे नाहीत, बोलायचं नाही. तुमचा एक हात माझ्या कोपराशी होता, मी पडले तर धरायला, आणि दुसऱ्या हाताने तुम्ही लिहीत होतात. पाचव्या मिनिटाला तुम्ही खाली वाकून माझ्या पावलांकडे बघितलंत. ती गडद लालसर जांभळी झाली होती. तेही तुम्ही लिहिलंत.

तो कागद माझ्याकडे आहे. पट्टी घेऊन आखलेले चार रकाने: वेळ, नाडी, बीपी, काय होतंय. आडवं असताना नाडी ७६. उभं राहिल्यावर दुसऱ्या मिनिटाला १०९. दहाव्या मिनिटाला १२१. बीपी मात्र पडलेलं नव्हतं, ११४/७२ होतं ते ११६/८० झालं. चौथ्या रकान्यात तुमच्या अक्षरात 'डोकं हलकं', 'हाताला कंप', 'पाय जांभळे', 'बसावंसं वाटतं'.

तुम्ही मला धीर देणारं काहीही बोलला नाहीत. कागद फक्त माझ्याकडे वळवलात. म्हणालात, "निदान करणं माझं काम नाही. पण हे आकडे डॉक्टरांनी बघायलाच हवेत." मॅडम, त्या क्षणी मला किती बरं वाटलं ते मी तुम्हाला कधीच सांगू शकले नाही, म्हणून आज सांगतेय. इतके दिवस मी जे सांगत होते ते पहिल्यांदा माझ्या तोंडाबाहेर, कागदावर, आकड्यांत उभं होतं.

तुम्ही तिथेच थांबला असतात तरी पुष्कळ होतं. पण तुम्ही मला घरी हेच कसं करायचं ते शिकवलंत: सकाळी, काही खाण्यापिण्याआधी, रोज त्याच पद्धतीने, आणि जवळ कुणीतरी असतानाच. माझा नवरा घड्याळ घेऊन बसायचा. आकडे तो स्वतःच्या हाताने लिहायचा. तीन-चार सकाळी त्याने ते लिहिले आणि "रिपोर्ट नॉर्मल आहेत ना" हे वाक्य आमच्या घरातून गेलं. हे तुम्हाला ठाऊक नसेल. तुम्ही एक तक्ता दिलात, त्याने माझं घर मला परत मिळालं.

मग तुमचं डॉक्टरांना लिहिलेलं पत्र. अर्ध्या पानाचं. त्यात एकही विशेषण नव्हतं, कुणावर टीका नव्हती. काय बघितलं, कसं मोजलं, किती आलं, आणि 'कृपया ऑर्थोस्टॅटिक तपासणीचा विचार व्हावा', म्हणजे उभं करून तपासावं, ही एक विनंती. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि मला पुढे पाठवलं. टिल्ट टेबल टेस्ट झाली, म्हणजे टेबलाला पट्ट्यांनी बांधून ते टेबलच माणसासकट जवळपास उभं करतात आणि नाडी-बीपी सतत बघत राहतात. त्यानंतर नाव मिळालं: पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम, थोडक्यात पॉट्स.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी लिहिते. आपण उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. निरोगी शरीराला ते लगेच कळतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, ठोके थोडे वाढतात, आणि माणसाला पत्ताही लागत नाही. पॉट्समध्ये हा तोल सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचं काम बिघडलेलं असतं. निकष असा आहे: उभं राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढते आणि वाढलेली राहते (१२ ते १९ वयात ४० किंवा जास्त), बीपी त्या मानाने पडत नाही, आणि त्रास किमान तीन महिने चाललेला असतो. रक्त कमी असणं, थायरॉइड, अंगातलं पाणी कमी होणं, काही औषधं, यांनीही नाडी अशीच वाढू शकते, म्हणून ती कारणं आधी बाजूला काढावी लागतात. म्हणजे माझ्या त्या नॉर्मल रिपोर्टांचा उपयोग होताच. फक्त होल्टर सोडलं तर ते सगळे बसून किंवा आडवं पडून झाले होते, आणि माझा आजार उभं राहिल्यावर सुरू होत होता.

नंतर मी याबद्दल वाचत गेले. १८७१ मध्ये जेकब मेंडेस दा कोस्टा या डॉक्टरांनी अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहिलं होतं: धडधड, थकवा, चक्कर, आणि तपासावं तर हृदयात ठळक दोष नाही. त्यांतल्या काहींना हाच त्रास असावा असं आता मानलं जातं. पॉट्स हे आजचं नाव आलं १९९३ मध्ये, रोनाल्ड शॉन्डॉर्फ आणि फिलिप लो यांच्या लेखातून. मधल्या शतकभरात या तक्रारींना कितीतरी नावं मिळाली, आणि त्यांतली बरीचशी मनाकडे बोट दाखवणारी होती. वाचताना मला त्या माणसांचं फार वाईट वाटलं. त्यांचं दुखणं खरं होतं, आणि नाडी मोजायला लागतं तरी काय? दोन बोटं आणि एक घड्याळ.

मी बरी झाले का, असं लोक विचारतात. पूर्ण नाही. मला हे नेमकं कशामुळे झालं याचं पक्कं उत्तर मिळालेलं नाही. संसर्गानंतर पॉट्स सुरू झाल्याचं पुष्कळांमध्ये दिसतं, माझ्यातही तसंच असेल, एवढंच डॉक्टर म्हणतात. ठोके आवरणारी गोळी चालू आहे. पाणी आणि मीठ डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात वाढवलंय. (हे कुणी ऐकून करू नये. रक्तदाब, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर जास्तीचं मीठ घातक ठरतं.) कमरेपर्यंतचे घट्ट मोजे घालते. अंथरुणातून एकदम उठत नाही, आधी पाय हलवते, मग बसते, मग उभी राहते.

पण सगळ्यांत जास्त फरक पडला तो तुमच्या व्यायामांनी, हे मी ठामपणे सांगते. "चाला, फिरा, हालचाल वाढवा" हा सल्ला मला आधीही मिळाला होता आणि प्रत्येक वेळी मी दोन दिवस अंथरुणाला खिळले होते. तुम्ही सुरुवातच आडवं पडून केलीत. पाठीवर झोपून पाय दाबणं, पोटऱ्या आवळणं, मग टेकून बसून पेडल मारणं. वेळ इतका थोडा की मला वाटायचं याने काय होणार. दुसऱ्या दिवशी त्रास वाढला तर तुम्ही निमूटपणे वेळ कमी करायचात. "कंटाळा करताय" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात, ते आधी तयार होऊ देत, उभं राहणं नंतर बघू, हे तुमचं म्हणणं होतं आणि ते खरं ठरलं. आज मी ऑफिसात अर्धा दिवस जाते. प्रिंटरपाशी एक उंच स्टूल मागून घेतलंय. तुमच्या तक्त्याची प्रत दाखवली तेव्हा ते मागताना मला संकोच वाटला नाही.

हे वाचून कुणाला आपलीच गोष्ट वाटली, तर एक विनंती: घरी नाडी वाढलेली दिसली म्हणून स्वतःच निदान करू नका. जवळ कुणाला तरी बसवून नोंद करा, ती डॉक्टरांकडे न्या आणि "उभं करून तपासाल का?" असं स्पष्ट विचारा. छातीत दुखत असेल, श्रम करताना किंवा आडवं असताना शुद्ध हरपत असेल, तर नोंदी करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

मॅडम, तुमच्या वेळापत्रकात मी मानेच्या दुखण्याची, अर्ध्या तासाची पेशंट होते. चिठ्ठीवर लिहिलेलं तेवढं केलं असतंत तरी तुम्हाला कुणी नाव ठेवलं नसतं. तुम्ही चिठ्ठीपलीकडे माझ्याकडे बघितलंत, आणि जे दिसलं ते पुढच्या माणसाला वाचता येईल असं लिहून ठेवलंत. त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

भिंतीजवळ उभं राहून करायचे व्यायाम या आठवड्यात सुरू करायचे आहेत असं तुम्ही म्हणाला होतात. सकाळच्या नोंदी घेऊन येते.

तुमची,
मानदुखीची पेशंट