हमीभाव अंगणापर्यंत पोहोचावा

महोदय,

अल्पभूधारकांनी शेती सोडून अन्य व्यवसायांकडे वळावे, असे सुचवणारा लेख आपल्या अंकात वाचला. तो पटला नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी जमीनधारणाच अवघी १.३४ हेक्टर आहे. म्हणजे लेखात ज्याला बाजूला काढले, तोच शेतकरी बहुसंख्य आहे आणि लातूरच्या अडतीपासून तालुक्याच्या कापड दुकानापर्यंतची उलाढाल त्याच्याच सुगीवर चालते. आमच्याकडे दिवाळीची खरेदी सोयाबीनचे माप झाल्यावरच होते.

त्याला खरा फटका बसतो तो विक्रीत. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण खरेदीसाठी ओलाव्याची अट १२ टक्क्यांची. परतीच्या पावसात भिजलेली रास अंगणात ताडपत्रीवर पसरून, पायाने हलवत, दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत वाळवायला जे दिवस लागतात, ते मळणीवाल्याची आणि खतदुकानाची उधारी डोक्यावर असलेल्या घराला मिळत नाहीत. मग पडेल त्या भावात माल घालावा लागतो. शेती सोडा म्हणण्याआधी गावोगावी वाळवणीची सोय करावी, ग्रामपंचायतीत ओलावा मोजण्याचे यंत्र ठेवावे आणि खरेदी सुगीच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करावी.

– एक शेतकरी वाचक, ता. औसा, जि. लातूर