पाच मिनिटे कोणाच्या पायाने मोजली?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या वास्तू पुरवणीत परगावाहून येणाऱ्या कुटुंबांनी घर कसे निवडावे यावरचा लेख वाचला. शाळा, दवाखाना, भाजी, बसथांबा सगळे जवळ असावे, असे त्यात म्हटले आहे. बरोबरच आहे. पण जवळ म्हणजे किती, आणि ते कोणाच्या पायाने मोजायचे, हे लेखात नाही. आमचे घोडे नेमके तिथेच अडले होते, म्हणून हे पत्र.

मी एसटीत बत्तीस वर्षे वाहक होतो, सोलापूर विभागात. आमच्याकडे अंतर टप्प्यात मोजतात. सहा किलोमीटरचा एक टप्पा, त्याप्रमाणे तिकीट. कागदावर टप्पा सगळीकडे सारखाच. पण अक्कलकोट रोडच्या टप्प्याला आणि हडपसर ते स्वारगेटच्या टप्प्याला सारखाच वेळ लागतो असे कोणी म्हणाले, तर चालक स्टेअरिंगवर डोके ठेवून हसेल. एवढे सगळे ठाऊक असूनही मी फसलो.

2024 च्या मे महिन्यात मुलाला हिंजवडीत नोकरी लागली. सूनबाई नर्स आहे, तिला कोथरूडच्या एका रुग्णालयात काम मिळाले. नात दुसरीत जाणार होती. आम्ही दोघे म्हातारे सोलापुरात मागे राहून काय करणार, म्हणून सगळेच निघालो. घर पाहायला पुण्यात आलो तो रविवार, वेळ दुपारी बाराची. रस्ते मोकळे होते, ऊन लख्ख होते, आणि एजंट गोड बोलत होता.

"काका, फाट्यावरून पाच मिनिटं."

घर सिंहगड रस्त्याच्या त्या टोकाला, नांदेड फाट्याच्या आत. 2021 साली जी 23 गावे महापालिकेत आली, त्यांतल्याच एका गावात. बारा मजली इमारत, दोन लिफ्ट, पोहण्याचा तलाव, फाटकावर सलाम ठोकणारा वॉचमन. भाडे एकवीस हजार. नातीने तलाव पाहिला आणि निकाल तिथेच लागला. त्यात माझाही दोष आहेच, मी नको म्हणालो नाही.

सोमवारी सकाळी नातीचा हात धरून फाट्यापर्यंत चालत गेलो. घड्याळ लावले होते. एकोणीस मिनिटे लागली. पदपथ नाहीच. एका बाजूला उघडे गटार, दुसऱ्या बाजूने डंपर आणि सिमेंट कालवणाऱ्या गाड्या. दोन ठिकाणी तिला कडेवर घ्यावे लागले, सात वर्षांच्या मुलीला! एजंटची पाच मिनिटे त्याच्या दुचाकीची होती, तीही रविवारची.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाने 2024 साली निर्णय घेतला, मुलांची झोप व्हावी म्हणून. हेतू चांगला. पण आमची व्हॅन पावणेआठलाच दारात यायची, कारण त्याच वेळेला सगळा सिंहगड रस्ता नोकरीला निघालेला असतो. पोर व्हॅनमध्ये झोपायची. म्हणजे झोप झाली म्हणायची.

पाण्याचे तर विचारूच नका. खडकवासला धरण आमच्यापासून चार-पाच किलोमीटर. धरण उशाला आणि कोरड घशाला, असे आपण म्हणतो ते तिथे राहून कळले. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येते, ही काही मिरवायची गोष्ट नाही. पण येते ते नळाला, आणि कधी येणार हे अख्ख्या गल्लीला पाठ असते. नांदेड फाट्याला नळ चोवीस तास चालू आणि पाणी टँकरचे. ते कुठल्या विहिरीतून भरले, हे टँकरवाल्यालाही धड सांगता येत नव्हते. वॉचमनच्या वहीत एप्रिलच्या एका दिवशी मी अकरा टँकरांच्या नोंदी मोजल्या. परवानगी घेताना पाणी पुरवण्याचे हमीपत्र बिल्डरने दिलेले असते, असे सोसायटीच्या सभेत कळले. ते हमीपत्र कोणी पाहिले आहे, असे विचारल्यावर सभा पुढच्या विषयाकडे वळली. पोहण्याचा तलाव मार्चमध्येच रिकामा झाला. खाली क्रिकेटला मनाई असल्याने मुले त्यात उतरून क्रिकेट खेळू लागली. तेवढा मात्र त्याचा उपयोग झाला.

त्याआधी, 2025 च्या जानेवारीत, जीबीएसची, म्हणजे गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही आमच्या भागातली नावे रोज पेपरात. गिया-बारे हा शब्द मला अजून नीट उच्चारता येत नाही, नातीला येतो. आमच्या घरात कोणाला काही झाले नाही. पण सूनबाई रुग्णालयातून रोज जे पाहून यायची, त्याने ती घरी आल्यावर आधी पाण्याचे पातेले गॅसवर ठेवायची आणि मग चप्पल काढायची. एका रात्री ती म्हणाली, "आप्पा, मेमध्ये करार संपतोय. या वेळी घर तुम्ही शोधा."

मग मी पीएमपीचा, म्हणजे पुण्याच्या शहर बसचा, दिवसाचा पास काढून तीन आठवडे हिंडलो. इतकी वर्षे गाडीच्या आतून गावे पाहिली, आता खाली उतरून पाहिली. घर आधी पाहायचेच नाही, असे ठरवले होते. आधी गल्ली. सकाळी आठला थांब्यावर उभे राहायचे, संध्याकाळी साडेपाचला कट्ट्यावर बसायचे, आणि रात्री दहाला औषधाचे दुकान उघडे आहे का ते बघून परत फिरायचे.

एकता नगरीत एक घर फारच स्वस्त मिळत होते. नदी जवळ, हवा छान. इमारतीचे वरचे मजले जुन्या रंगाचे आणि तळमजल्याची भिंत तेवढी कोरी, नवी रंगवलेली. वॉचमनला विचारले, इथवरच रंग का? आधी तो गप्प राहिला, मग त्याने छातीशी हात धरून दाखवले. 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडले तेव्हा ते इथवर आले होते. नदीकाठी दोन रेषा असतात, एक निळी आणि एक लाल. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पंचवीस वर्षे ऐकली की माणूस निर्धास्त होतो. पण मी स्टँडवर आयुष्य काढले आहे. लांब पल्ल्याची गाडी कधी कधी वेळेच्या आधीही लागते.

तिथून वारजे, मग कर्वेनगर. कर्वेनगरात पहिल्याच सकाळी एक दृश्य दिसले आणि मी चहा अर्धा टाकून बघत राहिलो. दहा-अकरा वर्षांच्या दोन मुली, पाठीला दप्तरे, बरोबर मोठे माणूस कोणी नाही, रमतगमत शाळेला चालल्या होत्या. चौकात एका भाजीवाल्या मावशींनी हात करून रिक्षा थांबवली आणि त्यांना पलीकडे जाऊ दिले. कोणत्याही माहितीपत्रकात हे नसते. नांदेड फाट्याला अकरा महिन्यांत मी एकही मूल एकटे चालताना पाहिले नव्हते.

पिठाच्या गिरणीत जाऊन बसलो. ज्वारी दळायला दोन किलो मुद्दाम बरोबर नेली होती, म्हणजे बसायला कारण झाले. गिरणीवाल्या वहिनींकडून अर्ध्या तासात जे कळले ते एजंटकडून वर्षभरात कळले नसते. पाणी सकाळी येते, दुरुस्ती असली की गुरुवारी बंद. मुलांचे डॉक्टर संध्याकाळी सातनंतरच भेटतात. अमक्या इमारतीचा मालक अनामत परत करायला रडवतो. नदीकाठच्या डीपी रस्त्याकडे घर घेऊ नका, लग्नसराईत मंगल कार्यालयांचे बँड झोपू देत नाहीत.

याच भागात एका मालकाने विचारले, "फॅमिलीच आहे ना?" आम्ही पाचजण समोर उभे होतो. पुढचा प्रश्न, "मटण वगैरे करत नाही ना घरात?" आमची मंडळी सोलापूरची, तिने सरळ सांगितले, "रविवारी करतो." ते घर गेले. कुटुंब हवे असते, पण त्याच्या चुलीवर काय शिजते हेही त्यांनीच ठरवायचे असते. त्याबद्दलही तुमच्या पुरवणीत कधी काही छापून आलेले मी वाचले नाही.

शेवटी मिळाले ते घर तिसऱ्या मजल्यावर, इमारत तीसएक वर्षांची, लिफ्ट नाही. भाडे चोवीस हजार आणि एक खोली कमी. माझे गुडघे रोज दोनदा कुरकुरतात. पदपथावर दुचाक्या लागतात, रात्री कुत्री भुंकतात. मुलाला हिंजवडीचा तास काही चुकला नाही, तो अजून चिडतो. पण आता तो चांदणी चौकातून जातो, नवले पुलावरून नाही. 2022 च्या नोव्हेंबरात त्या पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने कितीतरी गाड्या उडवल्या होत्या. आधीच्या घरी रात्री साडेनऊ झाले की आमची मंडळी गॅलरीत जाऊन उभी राहायची. आता ती मालिका बघते.

नात आता शाळेत चालत जाते, माझ्याबरोबर, बारा मिनिटांत. वाटेत तिला मी सांगतो की इथे पूर्वी हिंगणे गावाबाहेरचा माळ होता, 1900 साली अण्णासाहेब कर्व्यांनी तिथे विधवा मुलींसाठी झोपडी बांधली आणि इथून ते फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला पायी जात. ती विचारते, "आबा, त्यांना व्हॅन नव्हती का?"

आता मागणी. 2017 पासून महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंद ठेवणारे सरकारी प्राधिकरण आहे. इमारतीची मंजुरी, मुदत, सगळे संकेतस्थळावर बघता येते. पण फाटकाबाहेरच्या रस्त्याला पदपथ आहे का, नळाला महापालिकेचे पाणी आहे का, हे भाड्याने येणाऱ्याला कोण सांगणार? आमच्या पहिल्या करारात पंखे किती, ट्यूब किती, गीझर चालू आहे की नाही, याची यादी जोडली होती. पाणी कुठून येते, याची एक ओळ नव्हती. ती ओळ करारात आली पाहिजे, आणि टँकरचा खर्च कोणावर हेही. महापालिकेने प्रत्येक भागात पाणी कधी आणि किती वेळ येते ते जाहीर करावे, नव्या गावांत सगळ्यात आधी. आणि आपण जाहिराती छापता तेव्हा ‘पाच मिनिटांवर’ या शब्दांपुढे ‘पायी’ की ‘गाडीने’ एवढे तरी लिहून घ्या. त्याला जागा फार लागणार नाही.

येत्या आठवड्यात माझा भाचा वाघोलीला घर बघणार आहे. त्याने रविवारी अकराची वेळ ठरवली होती. मी त्याला मंगळवारी सकाळी आठला थांब्यावर यायला सांगितले आहे, लेकीला घेऊन.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
कर्वेनगर, पुणे (मूळ सोलापूर)