नवे ब्रेक किंचाळतात त्याला ‘नॉर्मल’ म्हणून परत पाठवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली गाडीला मोठी अलॉय व्हील, रुंद टायर आणि त्यासोबत ब्रेकपण भारीतले करून घ्यायचं प्रमाण खूप वाढलंय. पोरं हौसेनं पैसे साठवून खाचा मारलेल्या डिस्क आणि स्पोर्ट पॅड बसवून घेतात, त्यात वाईट काहीच नाही, ब्रेकवर खर्च करणारा माणूस मला तरी शहाणाच वाटतो. पण आठ-दहा दिवसांत गाडी सिग्नलला थांबताना अशी किंचाळायला लागते की शेजारचा रिक्षावाला वळून बघतो, आणि मालक दुकानात परत गेला की ठरलेलं उत्तर मिळतं, “स्पोर्ट पॅड आहेत, आवाज येणारच, नॉर्मल आहे.” कराडात माझं गॅरेज आहे. आमच्याकडनं चिपळूणला जायचं म्हणजे कुंभार्ली घाट उतरावा लागतो, त्यामुळे ब्रेकची कामं बारा महिने चालू असतात, आणि त्यावरनं ठामपणे सांगतो की बहुतेक वेळा पार्टमध्ये खोट नसते, बसवताना जे काम टाळलं त्याचा तो आवाज असतो.

आवाज मुळात येतो कशानं ते आधी सांगतो. ब्रेक दाबला की कॅलिपर चिमट्यासारखा पॅड दाबतो आणि पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासतो, पण ते घासणं सलग नसतं, पॅड क्षणभर चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, आणि हे इतक्या झपाट्यानं होतं की पॅड, कॅलिपर, डिस्क सगळंच थरथरायला लागतं, सेकंदाला 1000 ते 15000 वेळा, आणि डिस्क देवळातल्या झांजेसारखी वाजते. थोडी थरथर प्रत्येक ब्रेकमध्ये असतेच, म्हणून तर कंपनी पॅडच्या पाठीला शिम म्हणजे पातळ पत्रा लावते, पॅडच्या कडा तिरक्या घासून देते, पॅड ज्यात बसतो त्या ब्रॅकेटमध्ये स्टीलच्या क्लिपा देते. ती थरथर जिरवायलाच हे सगळं असतं. आता पॅड बदलताना शिमा जुन्या पॅडबरोबर भंगारात गेल्या आणि क्लिपा गंजलेल्या तशाच राहिल्या तर पॅड कितीही महागाचे आणा, ते ओरडणारच.

मध्यंतरी एक छोटी हॅचबॅक आली होती. दुसरीकडून पुढच्या डिस्क आणि पॅड नवे टाकून आणलेली, आणि डावीकडनं हळू ब्रेकला कर्कश आवाज. मालक म्हणाला दोनदा परत नेली, दोन्ही वेळा पॅडला पॉलिश पेपर मारून दिला, चार दिवस शांत आणि परत तेच. चाक खोलून कॅलिपर वर केला तर खालची गाइड पिन, म्हणजे कॅलिपर जिच्यावर सरकतो ती, हातानं हलेना, तिच्यावरच्या बुटाचं म्हणजे टोपीचं रबर फाटून आत पाणी गेलेलं, पिनेवर गंजाचा तांबडा थर. पिन जाम म्हणजे कॅलिपर सरकत नाही, मग पॅड डिस्कवर सपाट न बसता तिरका बसतो, आणि इतक्या नव्या पॅडचीसुद्धा एक कड दुसरीपेक्षा डोळ्याला दिसेल इतकी जास्त झिजली होती. क्लिपा काढल्या तर खाली ब्रॅकेटवर गंजाचे फुगवटे, त्यामुळे पॅड खाचेत ठोकूनच बसवलेला असणार. पॉलिश पेपरनं यातलं काय सुटणार होतं? ब्रॅकेट वायर ब्रशनं पांढरं होईपर्यंत घासलं, पिन आणि बूट नवे टाकले, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं, नव्या क्लिपा बसवल्या, पॅड बोटानं ढकलला की सरकला पाहिजे इतकं मोकळं केलं. तिरके झिजलेले पॅड मात्र बदलावे लागले, तो भुर्दंड मालकाला बसला आणि त्याचं मला खरंच वाईट वाटलं. इथे एक सांगायलाच पाहिजे, पिनेला बेअरिंगचं साधं ग्रीस लावू नका, त्यानं रबर फुगतं आणि पिन परत जाम होते.

आवाज नेमका कधी येतो हे मालकानं नीट सांगितलं तर मिस्त्रीचं निम्मं काम वाचतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येऊन बंद होत असेल तर तो रात्रीच्या दवाचा नाहीतर पावसाचा डिस्कवरचा गंज, सोडून द्या. हळू दाबल्यावर चिरका आवाज आणि जोरात दाबला की बंद, तर शिम, क्लिप, पिन, किंवा पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत झालाय का ते बघायचं. ब्रेक न दाबताच चाकाच्या फेऱ्यागणिक आवाज येतोय आणि दाबला की जातोय, मग पॅड सुटत नाहीये किंवा डिस्कमागचा पातळ पत्रा काम करताना वाकून डिस्कला लागतोय, कधी कधी तर त्या पत्र्यात नुसता खडा अडकलेला असतो. पॅड संपत आल्यावर ओरडायला एक पत्र्याची जीभ दिलेली असते, ती वाकली किंवा पॅड चुकीच्या बाजूला बसवला तर नवीन पॅडसुद्धा ओरडतो. खाचांच्या किंवा भोकांच्या डिस्कचा जोरात ब्रेक लावताना घुर्रर्र असा आवाज येतो तो मात्र खरंच त्या डिस्कचा स्वभाव आहे. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर असेल तर गाडी घरी नेऊन उद्या बघू म्हणू नका, तिथेच थांबवा.

आता ज्यावर सगळ्यात जास्त हयगय होते ते. नवीन डिस्क गंजू नये म्हणून तिच्यावर तेलाचा हात मारलेला असतो. तो ब्रेक क्लीनरनं धुवायचा, नसेल तर साबणाच्या पाण्यानं धुवून कोरडी करायची, पण घाईत डिस्क डब्यातनं काढली की सरळ हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागावर, चढते आणि ते तेल पहिल्याच ब्रेकला पॅडमध्ये मुरतं. तेल मुरलेला पॅड नीट साफ होत नाही, बदलावाच लागतो. हबचा गंजपण काढायचा असतो, नाहीतर डिस्क किंचित वाकडी बसते आणि पुढे स्टिअरिंगला आणि पेडलला झटके येतात. डिस्क जुनीच ठेवून नुसते स्पोर्ट पॅड टाकणार असाल तर जुन्या पॅडचा थर आणि बाहेरच्या कडेला उभी राहिलेली धार लेथवर काढून घ्या, पण डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो तो बघूनच. बऱ्याच छोट्या गाड्यांत नवी डिस्क आणि बाद डिस्क यात जेमतेम 2 मिमीचा फरक असतो.

आणि बेडिंग. हे कोणी करतच नाही. नव्या पॅडचा एक पातळ सारखा थर डिस्कवर बसावा लागतो, तो बसला की पकडपण वाढते आणि आवाजपण कमी होतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून 60 च्या स्पीडवरनं 15 पर्यंत मध्यम दाबानं कमी करायचं, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा, आणि मग पाच-दहा मिनिटं ब्रेक न वापरता गाडी चालवून सगळं थंड होऊ द्यायचं. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं की त्या जागी पॅडचा छाप बसतो. पॅडच्या डब्यात कंपनीनं वेगळी पद्धत दिली असेल तर तीच वापरा. आम्ही पहाटे हायवे रिकामा असतो तेव्हा करून देतो, अर्ध्या तासाच्या वर वेळ जात नाही.

काही उपाय बघून तर अंगावर काटा येतो. डिस्कवर तेलाचा किंवा गंज काढायच्या स्प्रेचा फवारा मारून आवाज घालवून देणारे आहेत. आवाज जाईल हो, ब्रेकपण जाईल! पाटणच्या पुढे पावसात, धुक्यात, समोर उसाची ट्रॉली, अशा वेळी तो माणूस काय करणार? तसंच ट्रॅकवरच्या रेसिंग गाड्यांचे पॅड रोजच्या गाडीला घालू नका, ते तापल्याशिवाय धड पकडतच नाहीत, गावातल्या ट्रॅफिकमध्ये ते थंडच राहतात आणि आवाज करतात तो वेगळाच. रोजच्या वापराला सिरॅमिक पॅड शांत असतात, धूळही कमी, मेटल जास्त असलेले पॅड उष्णता चांगली सोसतात पण बोलतात. घाट जास्त असेल तर थोडा आवाज मी चालवून घेईन, पण हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगा ना, नंतर कशाला.

मोठी डिस्क हवीच असेल तर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटची टाका असं माझं मत आहे. भलत्याच गाडीचा मोठ्या पिस्टनचा कॅलिपर टाकला की पेडल खोल जातं, पुढचे आणि मागचे ब्रेक यांचं गणित बिघडतं, आणि मूळ स्पेसिफिकेशन बदलायला मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 ची आडकाठी आहेच. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झालेलासुद्धा पाहिलाय, त्यात हवा काढायचा निपल खाली येतो आणि हवा कधीच पूर्ण निघत नाही. एवढं सगळं खोललंय तर ब्रेक ऑइलपण बदलून घ्या, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, साधारण दोन वर्षांनी बदलायचंच असतं.

माझं मागणं एवढंच आहे की ब्रेकचं काम करणाऱ्या प्रत्येक दुकानानं बिलावर चार गोष्टी लिहून द्याव्यात: डिस्कची मोजलेली जाडी, पॅड कुठल्या प्रकारचा, क्लिपा-पिना नव्या की जुन्या, आणि बेडिंग केलं की गिऱ्हाइकानं करायचं. फुकटचं काम आहे, पेन लागतं फक्त. आणि आपल्या पेपरनंही मायलेज आणि टचस्क्रीनच्या बातम्यांमधनं यासाठी अर्धं पान काढावं, ही विनंती. ज्यांनी या उन्हाळ्यात ब्रेक बदललेत आणि आवाज येतोय त्यांनी पहिल्या पावसाच्या आत डिस्क ब्रेक असलेली सगळी चाकं खोलून पिना हातानं सरकवून बघायला सांगा, आणि मिस्त्री बघत असताना तिथे उभे राहा.

आपला,
एक गॅरेजवाला, कराड