चलानच्या अर्जावर मी सही केलीये

प्रिय मनू,

रविवारपासून तू फोन उचलत नाहीयेस. मेसेज टाकला की निळ्या टिका येतात आणि पुढं काहीच नाही, म्हणून शेवटी वही घेऊन बसले. ओंकार उद्या पहाटेच्या गाडीनं पुण्याला येतोय, त्याच्याजवळ पाकीट देतेय, त्यात हे पत्र आहे आणि खाली कागद आहेत, ते आधी नीट काढून घे, शेंगदाण्याच्या लाडवांचं तूप लागायला नको.

पहिल्यांदा माझी चूक सांगते. तो चलानचा मेसेज आला तेव्हा मी दळण आणायला निघाले होते. आपल्या गाडीचा नंबर, विनाहेल्मेट, ५०० रुपये, एवढंच वाचलं आणि हातपाय गार पडले. बाकी काही सुचलंच नाही. तुला फोन लावून पहिलं वाक्य काय बोलले तर "हेल्मेट का घातलं नव्हतंस". तू म्हणालीस मम्मी मी नव्हतेच, मी म्हणलं खोटं बोलू नको. तेवढ्यावर मी थांबायला पाहिजे होतं पण पुढं म्हणाले की पाचशे रुपयांनी काय होतंय, भरून टाक आणि विषय संपव. मग तू फोन ठेवलास. बरोबर केलंस.

संध्याकाळी ओंकार आला, त्यानं वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून ते चलान उघडून दाखवलं. तारीख बघितली, १२. सकाळी ११ वाजून ४० मिनिटं. मनू, १२ तारखेला आक्कांचं वर्षश्राद्ध होतं. तू आदल्या रात्रीच्या एसटीनं आली होतीस आणि त्या वेळेला माझ्यासमोर पाटावर बसून गवारीच्या शेंगा मोडत होतीस. गाडीची चावी इथं देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लटकत होती, पप्पा म्हणालेसुद्धा की चावी बरोबर कशाला आणलीस. आणि मी तुला खोटं बोलू नको म्हणलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

फोटो मोठा करून बघितला. ती गाडी निळी आहे, आपली मरून. नंबरप्लेट साधी, एका बाजूनं फुटलेली, आणि शेवटचा आकडा ३ आहे, त्यावर चिखल उडालाय म्हणून ८ वाटतो. ज्यांनी तो फोटो काढून मशीनमध्ये नंबर घातला त्यांनी ८ घातला. उन्हात उभं राहून दिवसाला कितीतरी गाड्यांचे नंबर घालत असतील, होत असेल चूक, पण एवढ्या निळ्या गाडीचा रंग तरी बघायचा. आपल्या गाडीला तर एचएसआरपी, म्हणजे ती नवी सुरक्षेची सरकारी नंबरप्लेट आहे, तूच बसवून आणली होतीस, ५३१ रुपये गेले होते. गाडी २०१८ ची, म्हणजे १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणून आपल्याला ती बसवून घ्यावीच लागली, आणि तेव्हा मी कुरकुर केली होती की चांगली पाटी असताना नवीन कशाला. आज तीच पावती उपयोगाला येतीये. ओंकार म्हणाला काकू ही पावती आणि गाडीचे मागून पुढून काढलेले फोटो जोडले की दोन मिनिटांत कळतं ही गाडी ती नव्हे.

फोटोतली मुलगी पाठमोरी आहे, वेणी मोकळी सुटलेली, डोक्यावर काही नाही. कुणाची कोण, पण मी तिच्याकडंच बघत राहिले. तिच्या आईला मेसेज गेला नाही, तो मला आला.

तू घालतेस ना गं? मला माहितीये घालतेस. विचारत नाहीये.

आता मुद्द्याचं. ओंकारनं सगळी चौकशी केलीये. तक्रार ॲपवरच करता येते, चलान निवडायचं, कारण लिहायचं, फोटो जोडायचे. ती तू केलीसच म्हणे रविवारी रात्रीच, त्याला तू स्क्रीनशॉट पाठवलास आणि मला नाही. त्यानं मला वाचून दाखवलं तू काय लिहिलंयस ते. "सदर छायाचित्रातील वाहन माझ्या आईच्या मालकीचे नाही" अशी सुरुवात, मग रंग, मग आकडा, मग पाटीचा फरक, एकही शब्द जास्तीचा नाही, कुणाला वाईट बोलणं नाही. मला इतकं बरं वाटलं. पप्पांना दोनदा वाचून दाखवायला लावलं. ते काही बोलले नाहीत पण नंतर शेजारच्या सरांना सांगत होते की पोरीनं अर्ज असा लिहिलाय की वकिलाला जमायचा नाही.

पण त्यात एक राहिलंय. गाडी माझ्या नावावर आहे. चलान तुझ्यावर नाही, माझ्यावर आहे. मला सायकलसुद्धा येत नाही आणि सरकारी कागदावर विनाहेल्मेट गाडी चालवणारी मी आहे. म्हणून नुसत्या ऑनलाइनवर न राहता लेखी अर्ज पण वाहतूक पोलिसांच्या ऑफिसात नेऊन द्यायचा, माझ्या सहीचा, आणि आपल्या कॉपीवर पोच घ्यायची. शिक्का आणि तारीख दोन्ही. शिक्का मारला नाही तर तिथून हलू नको. आणि आवाज चढवू नको बाई, तुझा चढतो, माझ्यावर गेलीयेस. साहेब म्हणून बोल, ताई असतील तर मॅडम म्हण. बघ, परत लेक्चर सुरू झालं. तुला कळतं सगळं. पंचवीस वर्षांची आहेस, स्वतःच्या पैशानं राहतेस, आणि मी तुला साहेब म्हणायला शिकवतेय.

ओंकारचा एक मित्र म्हणाला थांबा, वर्षातून चारदा राष्ट्रीय लोकअदालत असते, तिथं चलानची रक्कम पुष्कळ कमी करून देतात, तेव्हा भरा. मला तेही पटलं होतं. मग तू ओंकारला काय म्हणालीस ते कळलं, की अर्धे भरले तरी मीच केलं असं होतंय ना. मी त्यावर दोन दिवस विचार केला. लोकअदालतीत खरं कोण खोटं कोण हे बघत नाहीत, तडजोड करतात, आणि एकदा झालेल्या तडजोडीवर अपील नसतं. ज्यांनी खरंच सिग्नल तोडलाय त्यांना ती सोय चांगली आहे. आपण कशाची तडजोड करायची?

तक्रार फेटाळली तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. आता व्हर्च्युअल कोर्ट असतं म्हणे, मोबाईलवरच उघडतं, दंड भरायचाय की लढायचंय असं दोन्ही विचारतात आणि लढायचंय म्हणलं की मग नेहमीच्या कोर्टात तारीख पडते. कोर्ट म्हणल्यावर माझ्या पोटात गोळा आला हे खरंय. आपल्या घरात कोर्टाची पायरी फक्त दादांच्या बांधाच्या भांडणात चढली आणि ते अकरा वर्षं चाललं, तुला आठवणार नाही. पण ते फोटोसकट रेकॉर्ड प्रकरण निकाली निघेपर्यंत जपून ठेवायचं असा २०२१ चा नियमच आहे, म्हणजे फोटो कुठं जात नाही आणि त्या फोटोत गाडी निळीच राहणार आहे. तरी तू स्क्रीनशॉट काढून ठेव, मला पण पाठव. आणि हेल्मेटच्या कलमात दंडाबरोबर तीन महिने लायसन निलंबित करायची पण तरतूद आहे, म्हणून पाचशेच तर आहेत असं म्हणायला मी आता तयार नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. लग्नाआधी मी पतसंस्थेत कॅश काउंटरला होते एवढं तुला माहितीये, ती नोकरी का सोडली ते माहिती नाही.  एका संध्याकाळी कॅश ६५० रुपयांनी कमी आली. माझा पगार तेव्हा ९०० होता. मी तीनदा मोजली, व्हाउचर लावून बघितले, माझ्या काउंटरला दुपारी अर्धा तास दुसरं माणूस बसलं होतं हे पण सांगितलं. मॅनेजर चांगल्या आवाजात म्हणाले, भरून टाका, विषय संपवा, एवढ्याशा पैशांसाठी कशाला वाढवता. घरी आप्पा पण तेच म्हणाले, स्थळं बघणं चालू होतं ना. मी भरले. एका कागदावर सही घेतली माझी, "माझ्याकडून कमी आलेली रक्कम" असं लिहिलेलं. मी वाचलं होतं ते, सही करायच्या आधी. तरी केली.

विषय संपला नाही गं. त्यानंतर कधी पन्नास रुपये इकडचे तिकडे झाले की सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळायच्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही. आठ महिन्यांनी मीच सोडली. तुझ्या पप्पांना पण लग्नानंतर तीन वर्षांनी सांगितलं, तेव्हा तू पोटात होतीस. आणि रविवारी मी तुला अगदी तेच शब्द बोलले, भरून टाक आणि विषय संपव. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी ओट्याला टेकून उभी होते.

मामाचं तुला सांगायला नको. पण तू विचारलं होतंस ना की मम्मी तू हेल्मेटवरून एवढी का ओरडतेस, मी घालते तर. मामानं पण घातलं होतं, मनू. सगळे म्हणतात घातलं नव्हतं, तसं नाही. त्यानं घातलं होतं, बक्कल लावलं नव्हतं. हंगाम चालू होता, पुढं उसाची ट्रॉली, मागं ना लाल लाईट ना रिफ्लेक्टर. हेल्मेट दुसऱ्या दिवशी उसात सापडलं. मी हातात घेतलं होतं ते. त्याच्यावर ओरखडा नव्हता.

म्हणून मेसेज वाचला की मला तारीख दिसत नाही, रंग दिसत नाही. तुझ्यावर विश्वास नाही असं नव्हतं ते. हे तुला कळावं म्हणून लिहिलं, माझी बाजू मांडायला नाही. तू खरं बोलत होतीस आणि मी ऐकलं नाही, ते तसंच राहतं.

कायद्यात पण पट्टा बांधायचं लिहिलंय हं, ओंकारनं दाखवलं, कलम १२९, हेल्मेट डोक्याला पट्ट्यानं घट्ट बांधलेलं पाहिजे. नुसतं डोक्यावर ठेवून चालत नाही. तुझ्या त्या काळ्या हेल्मेटचं बक्कल गेल्या वेळी सैल वाटलं मला, ओढलं की सुटत होतं. नवीन घे, आयएसआय मार्कवालंच घे, रस्त्याकडेला टांगलेलं नको. पाकिटात पैसे ठेवलेत, ते चलानचे नाहीत, हेल्मेटचे आहेत. आणि दिवाळीला गाडीवर यायचं म्हणत होतीस ते डोक्यातून काढून टाक, खंबाटकीत ट्रकांची रांग असते आणि पुढं उसाच्या ट्रॉल्या सुरू झालेल्या असतील. एसटीनं ये. नको म्हणजे नकोच. बरं, तुझं तू ठरव. पण एसटीनं ये.

आता कागद. अर्जाच्या दोन प्रती, दोन्हीवर सही आहे. आरसीची झेरॉक्स, एचएसआरपीच्या पावतीची झेरॉक्स, माझ्या आधारची झेरॉक्स. मूळ पावती मी इथंच ठेवलीये, मागितली तर ओंकारबरोबर पाठवते, कुणाच्या हातात मूळ कागद देऊ नको. श्राद्धाला आलीस त्या एसटीचं तुझं तिकीट पप्पांना तुझ्या जुन्या पर्समध्ये सापडलं, ते पण घातलंय, त्याच्यावर तारीख स्पष्ट आहे. चलान नंबर अर्जात मी स्वतः लिहिलाय, मोठा आहे, एकदा मेसेजशी ताडून बघ. आणि हां, परवा कुणीतरी व्हॉट्सॲपवर चलानची फाईल पाठवली मला, डाउनलोड करा म्हणून. मी उघडली नाही, ओंकारनं डिलीट केली, त्यात फसवणूक असते. तुला आली तर तू पण उघडू नको.

अर्जातलं एक वाक्य मी बदललंय. ओंकारनं टाईप करताना शेवटी "तरी सदर दंड माफ करावा ही विनंती" असं लिहिलं होतं. मी त्याला खोडायला लावलं. माफ काय करायचं त्यात. "सदर चलान चुकीचे असल्याने रद्द करावे" असं करून घेतलं आणि मग सही केली. सही मराठीत आहे, बँकेत इंग्रजीत आहे, अर्जाला कुठली लागते ते खिडकीवर विचार. इंग्रजीत लागत असेल तर सांग, मी शनिवारी स्वतः येते.

फोन उचल.

तुझी
मम्मी